परवडत नाही म्हणणारी शैला

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात मुलांच्या तोंडी परीक्षा घेत होते. शैलाच्या नवऱ्याचं, विजयरावांचं, नाव दिसलं आणि मी दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा मात्र समोरच्या मुलीला थांबायला सांगून व्हरांड्यात आले. "सुरेखाताई, शैला गेली," एवढंच ते म्हणाले. बाकीचं मला नंतर समजलं... सकाळचं दुसरं ऑपरेशन संपवून ती कपडे बदलायच्या खोलीत येऊन बसली होती. सिस्टरकडे चहा मागितला आणि डोकं फार दुखतंय म्हणाली. चहा येईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दुपारच्या आत सगळं संपलं. मी आत जाऊन त्या मुलीला उरलेले दोन प्रश्न विचारले, गुण मांडले आणि मगच प्रकाशला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. तसं का वागले, हे मला आजही सांगता येत नाही.

कऱ्हाडजवळच्या आमच्या मलकापूरहून सांगलीला जाताना प्रकाश गाडी चालवत होता आणि मी खिडकीतून नुसती बघत होते. इस्लामपूर मागे पडल्यावर लक्षात आलं, की रडण्याच्या मध्येमध्ये माझ्या मनात एकच वाक्य येतंय... बरं झालं, आम्ही बोलत होतो. चार वर्षांपूर्वी ती गेली असती, तर मला तिच्या दारात उभं राहायला तोंड नसतं. तेव्हा अकरा महिने मी तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आज दीड महिन्यानंतर लिहायला बसले आहे, तेही त्या अकरा महिन्यांबद्दल आणि त्यानंतर तिनं आम्हाला दिलेल्या सुटकेबद्दल.

आमची ओळख पाटणची. माझे वडील तिथं सरकारी कचेरीत कारकून आणि शैलाचे आप्पा एसटीत कंडक्टर. माणसं मूळची आटपाडीकडची, धनगराची. आप्पांनी नोकरी धरली, पण त्यांचे दोन्ही भाऊ मेंढरं घेऊनच फिरायचे. दिवाळीनंतर कऱ्हाडच्या बाजूला कोणाच्या तरी रानात त्यांचा तळ पडला, की शैला सुट्टीत दोन दिवस तिकडं पळायची. एकदा मलाही घेऊन गेली. शेळीच्या दुधाचा दाट चहा, भोवती मेंढरांचा उबट वास आणि शैलाची चुलती मला विचारतेय, "पोरी, भाकरीवर काय घालू, चटणी का दूध? दुसरं काय न्हाई बग." न्हाई म्हणताना तिच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता. आमच्या घरी पाहुणा आला, की आई शेजारून साखर आणायची आणि ती आपलीच असल्यासारखी वाढायची. मी साखर उसनी आणणाऱ्या घरातली, शैला न्हाई म्हणणाऱ्या. हा फरक पुढं कितीतरी वर्षं मला दिसलाच नाही.

ती मिरजेला मेडिकलला गेली, मी सांगलीला इंजिनिअरिंगला. ती भूलतज्ज्ञ झाली आणि कुंडलच्या बागायतदार घरातल्या विजयरावांशी तिचं लग्न झालं. ते हाडांचे डॉक्टर. दहा वर्षांत सांगलीत स्वतःचं हॉस्पिटल, बंगला, पाठोपाठ मोठी गाडी. इकडं मी प्राध्यापक झाले, प्रकाश साताऱ्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. मलकापुरात रो-हाऊस घेतलं, पुण्यात एक फ्लॅट बुक केला. नात्यातल्या बायका आम्हा दोघींनाही म्हणायच्या, तुमचं काय बाई, तुम्हाला कसली काळजी. आम्ही हसायचो. खरी गोष्ट अशी होती, की पगार जमा झाल्याचा मेसेज आला, की मला आनंद व्हायच्या ऐवजी धडधडायला लागायचं. जमा होताक्षणीच तो पैसा कुठं कुठं जायचा हे ठरलेलं असायचं... दोन घरांचे हप्ते, मुलाचा पुण्यातला क्लास आणि खोली, गाडी, नणंदेच्या घरची वास्तुशांत, कोणाच्या तरी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं हॉटेल. कशाला नाही म्हणायचं हेच कळत नव्हतं. एकेक गोष्ट सुटी पाहिली, तर ती आमच्या ऐपतीतलीच होती. सगळ्या मिळून मात्र आमचा श्वास कोंडत होत्या आणि हे कोणाला सांगावं असं माणूसच नव्हतं. दोन पगार येणाऱ्या घरातल्या बाईनं ओढाताण होते म्हटलं, तर ऐकणारा आधी तिच्या कानातल्यांकडे बघतो.

त्या दिवसांत माझी खालची उजवी दाढ किडली होती. रूट कॅनाल, वर कॅप, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी पुढच्या महिन्यात येते म्हणून उठले. पुढचा महिना येत राहिला. मुलाला नवा फोन घेतला, भाचीच्या लग्नात आहेर केला, दाढ तशीच. सहा महिने मी डाव्या बाजूनं जेवत होते. प्रकाशलाही म्हटलं होतं, वेळ मिळत नाही. खरं कारण फक्त शैलाला माहीत होतं, तेही एकदा फोनवर बोलता बोलता निसटून गेलं म्हणून.

सांगलीत आम्हा आठजणींचा एक गट होता. डॉक्टर, डॉक्टरांच्या बायका, एक वकील आणि कऱ्हाडहून जाणारी मी. दर दोन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी जमायचो. त्या दुपारी वर्षाच्या घरी होतो. गटाला दहा वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून बालीला जायचं, असं वर्षानं जाहीर केलं. हॉटेलचे फोटो मोबाइलवर हातोहात फिरले. एकेक जण हो म्हणत गेली, मीही म्हटलं. शैला कोथिंबीर वडी खात होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं घास संपवला आणि म्हणाली, "मला न्हाई परवडत."

सगळ्या हसल्या. सांगलीत ती शुद्ध बोलायची, पाटणची बोली फक्त माझ्याशी आणि आप्पांशी. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, गंमत करतेय. वर्षा म्हणाली, तुम्हाला परवडत नाही तर मग परवडतं कोणाला? शैलानं बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, तक्रार केल्यासारखंही बोलली नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावं तसं सांगितलं, "खरंच नाही परवडत. गेल्या महिन्यात मृणालची फी भरायला आईच्या पाटल्या मोडल्या. कंडक्टरच्या बायकोनं केलेल्या पाटल्या, दोन डॉक्टरांना मोडाव्या लागल्या." मृणाल म्हणजे तिची मुलगी, तेव्हा खासगी कॉलेजात मेडिकलला होती. आणि मग शैला माझ्याकडे वळली. "सुरे, तुझ्या दाढेचं सांग की. सहा महिने झालं एका बाजूनं जेवतीयास. का, ते सांग ह्यांना."

सात बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात बशी होती आणि त्या क्षणीही माझा घास डाव्या गालातच होता. मी म्हटलं, वेळ मिळाला नाही, दुसरं काही नाही. आणि ट्रिपला मी येतेय. पर्स उचलली आणि निघाले. शैला फाटकापर्यंत मागे आली, हाकही मारली. मी वळून पाहिलं नाही.

तो राग कसला होता, हे आता समजतं. तिनं खोटं सांगितलं असतं, तर मी महिन्याभरात विसरले असते. ती खरं बोलली होती, म्हणून फोन उचलले नाहीत. दिवाळीला तिचा मेसेज आला, मी उत्तर दिलं नाही. दरम्यान गटातल्या आणखी दोघींनी वर्षाला वेगवेगळं कळवलं, की आम्हालाही या वर्षी जमणार नाही. उरलेल्या पाचजणी बालीला गेलो. मी प्रकाशला न सांगता कर्ज काढून गेले. तिसऱ्या दिवशी दाढ ठणकायला लागली. समोर चाळीस तऱ्हेचे पदार्थ मांडलेले आणि मी आचाऱ्याला खाणाखुणा करून दही आणि भात मागतेय... फोटोत सगळीकडे मी गालाला हात लावून उभी आहे. बघणाऱ्यांना ती फोटोसाठीची ढब वाटते.

परत आल्यावर दुखणं वाढतच गेलं. गोळ्या घेऊन दिवस काढले आणि एका शनिवारी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. प्रकाशनं मला न विचारता शैलाला फोन केला. रविवारी सकाळी मी दार उघडलं, तर समोर शैला. अंगावर साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. एसटीनं मलकापूर फाट्यावर उतरून चालत आली होती. मी तोंडावर ओढणी धरून उभी होते. अकरा महिन्यांनी तिला पाहत होते आणि मला तोंडही उघडता येत नव्हतं.

"तुझी दाढ चारचौघींत काढायचा मला काय बी अधिकार नव्हता," ती म्हणाली. "माझं मी सांगायचं हुतं, तुझं न्हाई. चुकलं माझं, सुरे." मी काहीतरी म्हणायला गेले, तर तिनं हात वर केला. "बोलू नगंस. चप्पल घाल."

कऱ्हाडात तिच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर होते, रविवार असूनही त्यांनी दवाखाना उघडला. ती माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि डॉक्टरांना इंजेक्शन कुठं द्यायचं ते सांगायला लागली, तेव्हा ते म्हणाले, मॅडम, आज तुम्ही पेशंटच्या बाजूच्या. दुपारी घरी आलो. माझा अर्धा चेहरा बधिर होता. प्रकाशनं आमटीभात केला होता. जेवणाच्या टेबलाशी बसून मी, वेडावाकडा ओठ सांभाळत, दोघांनाही सांगितलं, की बालीची ट्रिप कर्जाची होती. प्रकाशनं आमटीची वाटी बाजूला सरकवली. मला वाटलं, आता तो उठून जाईल. तो म्हणाला, "मी टेनिसला जात नाही. मार्चपासून." आधी मला काही कळेचना. रोज सकाळी तर तो रॅकेटची बॅग खांद्याला लावून बाहेर पडत होता. क्लबची वर्गणी त्यानं भरली नव्हती. सहा महिने तो नदीकाठी प्रीतिसंगमावर जाऊन बाकावर बसत होता आणि तासाभरानं घरी परतत होता. मी विचारलं, घाम कसा यायचा? म्हणाला, येताना थोडा पळत यायचो.

शैलाला हसू आवरेना. मग आम्हालाही. माझा चेहरा अर्धाच हसत होता, त्यावर त्या दोघांना आणखी हसू येत होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. आम्ही दोघं एकमेकांसाठी श्रीमंतीचं सोंग वठवत होतो, आणि ते त्या दुपारी आमटीभातावर संपलं. त्यानंतर महिन्याभरात पुण्यातलं बुकिंग रद्द केलं. थोडं नुकसान सोसलं. मुलगा काही दिवस फुगून बसला, मग मित्राबरोबर खोली वाटून घेऊन राहिला. पगाराच्या दिवशी धडधडणं कधी थांबलं, हे मला नेमकं सांगता येणार नाही. एकदा मेसेज आला आणि मी तो न वाचताच भाजी निवडत बसले, एवढं आठवतं.

शैलाच्या घरी इतकं सोपं गेलं नाही, हे तिनं त्याच रविवारी, मी तिला एसटीत बसवायला नेत असताना, सांगितलं. वर्षाच्या घरचं बोलणं दुसऱ्या दिवशी विजयरावांच्या कानावर गेलं होतं. ते भयंकर दुखावले. हॉस्पिटल चालत नाही असं लोकांना वाटेल, उद्या पेशंट दुसरीकडं जातील, म्हणाले. दोन आठवडे अबोला. पण ऑपरेशनला उभे राहायचे दोघं एकाच टेबलाशी. तिथं ते विचारायचे, प्रेशर किती, आणि ही सांगायची, एकशेवीस. तेवढाच संसार, ती म्हणाली. शेवटी बंगला सोडायचा विषय निघाला, तेव्हा विजयरावांनी एकच अट घातली, की कुंडलला आबांना तू सांगायचं. आबा म्हणजे तिचे सासरे. डॉक्टर मुलाचा बंगला पै-पाहुण्यांना कौतुकानं दाखवणारे. त्यांना धक्का बसेल, याच भीतीनं विजयरावांनी इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं.

मग ती दोघं कुंडलला गेली. शैलानं आबांसमोर बसून सांगितलं, की आबा, आम्हाला हे झेपत नाही, बंगला विकतोय, हॉस्पिटलच्या वरच्या तीन खोल्यांत राहणार आहोत. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं पोरी. आमालाबी झेपत न्हवतं." शैलाला समजेना. आबांनी छताखालच्या एसीकडं बोट दाखवलं. "त्यो तुमी येताय म्हणून बसवला. तुमी गेलासा की आमी लावत न्हाई. तुमच्यासारकं ऱ्हायाचं म्हणून दर दिवाळीला काय काय करतोय, ते आमचं आमाला ठाव." शैलाच्या सासूबाई आतून म्हणाल्या, आणि ती काचेची भांडीबी घेऊन जावा, धुताना हात कापत्यात. विजयराव खाटेवर बसले होते. शैला सांगत होती, ते आधी हसले, मग पंचानं तोंड पुसायचं निमित्त करून बराच वेळ पंचा तोंडावरून काढलाच नाही...

सगळ्यांनी कौतुक केलं असं नाही. वर्षा त्यानंतर शैलाशी कधी नीट बोलली नाही. विजयरावांच्या चुलतभावानं भर कार्यक्रमात विचारलं, की डॉक्टर, धंद्यात खोट आली का. विजयराव घरी येऊन रुसले. शैलालाही बंगल्यातली बाग सोडताना वाईट वाटलं होतं. कर्दळीचे दोन गड्डे तिनं तेवढे बरोबर आणले आणि हॉस्पिटलच्या गच्चीवर पत्र्याच्या डब्यांत लावले. ती कर्दळ नीट लागली नाहीच.

पण त्यानंतरची चार वर्षं मी तिला जशी पाहिली, तशी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पूर्वी ती सांगली, मिरज, पलूस, इस्लामपूर अशा सात-आठ दवाखान्यांत केसेसना धावायची. गाडीतच डबा खायची, बोलता बोलता बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. नंतर तिनं फक्त आपलं आणि आणखी दोन हॉस्पिटलं ठेवली. मृणालचं लग्न मागच्या हिवाळ्यात कुंडलला, घरापुढच्या मोकळ्या जागेत झालं. जेवढी माणसं खरोखर हवी होती, तेवढीच होती. आबा मांडवात खुर्ची टाकून दिवसभर बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पंगतीला बसवत होते. शैला मला म्हणाली, की लग्नात आई असून मी पोटभर जेवले, हे लिहून ठेव.

तिच्या दिवसांसाठी मी कुंडलला गेले होते. आबा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, माझ्या आधी जायचं न्हवतं तिनं." मी त्यांच्याजवळ बसून राहिले. ते दुःख आहेच, त्यातून काही पळवाट नाही. आमच्या दोन्ही घरांतलं मोकळं, न घाबरता बोलणारं माणूस गेलं. पण रडताना मला असं कुठंही वाटलं नाही, की तिचं जगायचं राहून गेलं, ती कशाच्या तरी मागे धावता धावताच संपली. हा दिलासा फार मोठा आहे. तिच्या जागी मीही अशीच अचानक जाऊ शकले असते, एका बाजूनं चावत, पुण्यातल्या न पाहिलेल्या फ्लॅटचे हप्ते फेडत.

गेल्या रविवारी मृणालनं बोलावलं म्हणून सांगलीला गेले. आईचं सामान आवरायचंय, एकटीला जमत नाही, म्हणाली. मी सगळा दिवस धरून गेले होते. हॉस्पिटलच्या वरच्या त्या खोल्यांत मी पूर्वी आले होते, पण आतल्या खोलीत कधी गेले नव्हते. एक कपाट, त्यात मोजक्या साड्या, ऑपरेशनचे हिरवे कपडे, चष्मे, दोन शाली. तासाभरात सगळं संपलं. मृणाल म्हणाली, एवढंच, मावशी. इतकं कमी काम निघालं, याचं आम्हाला बरंही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

खिडकीशी एक अरुंद पलंग होता. मृणालनं सांगितलं, आई रोज अडीचला इथं झोपायची. खाली कितीही गर्दी असो, साडेचारपर्यंत तिला कोणी उठवायचं नाही, असं सिस्टरांनाही माहीत होतं. आयुष्यभर दुपारची झोप मिळाली नव्हती, ती भरून काढतेय, म्हणायची. आता बाबाही अडीच ते साडेचार कोणाला वर सोडत नाहीत. सवयीनं म्हणा, कशानंही म्हणा. खोलीत कोणी नसलं तरी... मी घड्याळात पाहिलं, अडीच वाजून गेले होते. मृणालनं उशी सरळ केली आणि म्हणाली, मावशी, पडा जरा. मी नको नको म्हणत पडले. खालून रुग्णांची नावं पुकारल्याचा आवाज येत होता, कोणाचं तरी लहान मूल रडत होतं. वर, जिन्याचं दार कोणीतरी हळूच ओढून घेतलं. मला शांत झोप लागली. उठले तेव्हा साडेचार झाले होते, आणि उशाशी चहा झाकून ठेवला होता.